आडवी पाडून बघा: ऑफरोडिंगचं सामान कोणत्या क्रमानं घ्यायचं

डांबर सोडून कच्च्या वाटेला लागलेली मोटरसायकल पडते, आणि बहुतेक वेळा ताशी ५ ते १५ किलोमीटरच्या वेगात पडते. चढावर मध्येच इंजिन बंद पडलं, चाकोरीतून चाक बाहेर काढताना तोल गेला, ओढ्यातल्या शेवाळलेल्या गोट्यावरून पुढचं चाक सरकलं, एवढं पुरतं. नवखा माणूस सह्याद्रीतल्या एका दिवसात चार-पाच वेळा गाडी आडवी करतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून सामान घेताना प्रश्न एकच विचारायचा: गाडी उभ्या जागी आडवी झाली तर ही वस्तू काय करेल? माझा पाय वाचवेल, गाडी घरी चालवत आणू देईल, की पहिली तीच तुटेल?

या प्रश्नावर दुकानातलं बरंचसं सामान नापास होतं. फॉगलाइट, जेरीकॅनचे स्टँड, अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पेट्या हे सगळं लडाखच्या फोटोंतून आलेलं आहे. मुळशीच्या मागच्या खडकाळ वाटेवर त्याचं फक्त वजन होतं, आणि ते वजन पडलेली गाडी उचलताना कळतं. दुसऱ्या टोकाला म्हणणारे असतात की गावचा दूधवाला याच वाटेनं स्प्लेंडरवर चपला घालून जातो. जातो, खरं आहे. पण तो रोज दोनदा जातो, त्याला तिथला दगड न् दगड पाठ असतो आणि विसाच्या पुढं काटा नेत नाही. त्याची गाडी मात्र नीट निरखून बघा. कॅन अडकवायला वेल्डिंग करून घेतलेले हुक, सीटवर बांधलेली जुन्या ट्यूबची पट्टी, बाकी बिनकामाचं काही नाही. ते उचलावं, चपला उचलू नयेत.

सगळ्यात वाया जाणारं सामान म्हणजे घेतलेलं पण कपाटात राहिलेलं. ते उकडतं, टोचतं किंवा घालायला वीस मिनिटं लागतात म्हणून राहतं. त्यामुळं माप आणि बसणं यांवर जेवढा वेळ घालवाल तेवढा ब्रँड निवडण्यात घालवू नका. पैसे मोजके असतील तर निम्म्याहून जास्त बूट आणि हेल्मेटमध्ये घाला, मग गुडघे, मग टायर. गाडीला बोल्टनं बसणारी कुठलीही वस्तू त्यानंतर.

बूट

हिरो एक्सपल्स २०० साधारण १५५ किलोची, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०० किलोच्या जवळपास. हे वजन आडवं होतं तेव्हा पाय बहुतेक वेळा फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) आणि दगड यांच्या मधे सापडतो. ट्रेकिंगचा बूट घोट्याला मुरगळण्यापासून थोडा सांभाळतो, चिरडण्यापासून अजिबात नाही. बूट हातात घेऊन दोन गोष्टी करा. टाच आणि चवडा धरून तो फडक्यासारखा पिळायचा प्रयत्न करा, पिळला गेला तर ठेवून द्या. मग एक हात बुटात घालून घोट्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेरून अंगठ्यानं जोरात दाबा, आतला हात दबला तर तोही ठेवून द्या. युरोपीय मानक ईएन १३६३४ चा शिक्का असेल तर आतल्या लेबलवर दिसतो.

मोटोक्रॉसचा पूर्ण कडक बूट संरक्षणाला सर्वांत चांगला, पण त्यात चालणं कठीण. गाडी खाली लावून गड चढायचा बेत असेल तर अ‍ॅडव्हेंचर प्रकारचा बिजागरीवाला बूट घ्या. माप संध्याकाळी बघा, जाड मोजे घालून, आणि गुडघ्याचं गार्ड चढवूनच बघा, कारण पोटरीपाशी बकल लागत नाही हे घरी आल्यावर कळतं. पावसाळ्याच्या हिशोबानं वॉटरप्रूफ बूट घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: गुडघाभर ओढ्यात पाणी वरून आत शिरतं आणि मग वॉटरप्रूफ अस्तर तेच पाणी बाहेर जाऊ देत नाही. कोकणातल्या पावसात पाणी निथळणारा बूट आणि लोकरीचा मोजा जास्त सुखाचा.

नवा कडक बूट घातला की गिअर लागत नाही अशी तक्रार प्रत्येक जण करतो. दोष बुटाचा नसतो, लिव्हरच्या उंचीचा असतो. गिअर लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढा, लिव्हर दातेरी दांड्यावरून ओढून एक दाता वर बसवा, बोल्ट परत घट्ट करा. मग उभं राहून, चवडा पेगवर ठेवून बघा. गरज पडली तर आणखी एक दाता. मागच्या ब्रेकचं पेडलही तसंच, उभं राहिल्यावर पाय न वाकवता लागेल इतक्या उंचीवर. पेडल खाली-वर केल्यावर दोन गोष्टी तपासायच्या: पेडलला थोडा मोकळा खेळ उरला आहे का, आणि ब्रेकलाइटचा स्विच योग्य वेळी लागतो का. खेळ संपला असेल तर ब्रेक चिकटून राहतो आणि घाटात डिस्क तापते.

गुडघे, डोकं, बाकी अंग

जीन्सच्या आतल्या खिशात सरकवलेलं पॅड पडताना फिरून पोटरीच्या बाजूला जातं. पट्ट्यांनी बांधायचं वेगळं गार्ड घ्या, पँटच्या आतून घाला. पॅडवर ईएन १६२१-१ लिहिलेलं असतं, शेजारी के हे इंग्रजी अक्षर म्हणजे गुडघ्याचं, आणि १ किंवा २ हा आकडा. चाचणीत लेव्हल १ चं पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडं जाऊ देतं, लेव्हल २ चं २० पर्यंत. दुकानात गार्ड बांधून दहा उठाबशा काढा, पेगवर उभं राहिल्यासारखे गुडघे वाकवा, मग फरशीवर गुडघ्यांवर टेका. वाटी पॅडच्या मध्यावरच राहिली पाहिजे. खाली घसरत असेल तर माप मोठं आहे. पट्टा आवळून ते सुधारत नाही, फक्त रक्त अडतं.

हेल्मेटवर आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हवंच. जून २०२१ पासून त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट देशात विकायला बंदी आहे. पण शिक्का असलेलं हेल्मेटही डोक्याला बसत नसेल तर उपयोग नाही. पट्टा लावून हनुवटी खाली करा आणि कुणाला तरी मागच्या काठाला धरून हेल्मेट पुढं-वर ढकलायला सांगा. निघून आलं तर ते माप तुमचं नाही. दहाच्या वेगात चढ चढताना वारा नसतो, म्हणून व्हायझरवर वाफ धरते. पीक (कपाळावर पुढं आलेली छज्जी) आणि गॉगलवालं हेल्मेट तिथं बरं. तेच हेल्मेट पुणे-सातारा हायवेवर ९० ला पीकमुळं डोकं मागं खेचतं. दिवसाचा मोठा भाग हायवेवर जाणार असेल तर व्हायझर आणि पीक दोन्ही असलेलं ड्युअलस्पोर्ट घ्या. चष्मेवाल्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल मागावा. आणि कॅमेरा लावायला हेल्मेटला भोक पाडू नका, चिकटपट्टीचा माउंट झटक्यात सुटून जातो, तेच हवं.

जॅकेटबाबत आमचं मत थोडं वेगळं आहे. हायवेसाठीचं जाड जॅकेट ट्रेलवर काढून बॅगेत जातं, विशेषतः मार्च ते मे. जाळीचं आर्मर शर्टच्या आत आणि वरून सैल जर्सी, हे अंगावर टिकतं. पाठीच्या पॅडवर ईएन १६२१-२ बघा. हातमोजे दोन जोड ठेवा, एक पातळ ट्रेलसाठी.

पाठीवरच्या बॅगेत फक्त मऊ वस्तू: २ लिटर पाण्याची पिशवी, ओआरएस, रेनकोट, बँडेजच्या पट्ट्या. टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची लोखंडी पट्टी) आणि पंप पाठीवर बांधून पाठीवर पडलात तर मणका त्याच लिव्हरवर आदळतो. लोखंड गाडीवर, शक्यतो खाली.

घरच्या घरी पाडायची चाचणी

पार्किंगमध्ये जुनी गादी टाका, दोन माणसं बोलवा, टाकी अर्ध्याहून कमी असू द्या, इंजिन थंड. गाडी सावकाश डावीकडं आडवी करा, मग उजवीकडं. प्रत्येक वेळी खडूनं खूण करा की जमिनीला पहिलं काय लागलं. साधारणपणे हँडलचं टोक, लिव्हरचा गोळा, फूटपेग, गिअर किंवा ब्रेक पेडल, इंडिकेटर, आणि काही गाड्यांत इंजिनचं कव्हर. ही यादी हीच तुमच्या गाडीच्या सामानाची यादी. इंडिकेटर रबराच्या देठाचे असतील तर त्यावर खर्च नको. कव्हर लागत असेल तर मात्र त्याला गार्ड लावायला थांबायचं नाही.

लिव्हरपासून सुरुवात करू, कारण तिथं खर्च दहा-वीस रुपयांचा आहे. क्लच आणि पुढच्या ब्रेकचे क्लॅम्प सोडा, त्यांच्याखाली हँडलवर प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा, क्लॅम्प पुन्हा लावा आणि एवढेच आवळा की जोरात ढकलल्यावर लिव्हर फिरेल, पण चालवताना हलणार नाही. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो. त्याच वेळी कोन लावून घ्या: उभं राहून हात सरळ ठेवल्यावर मनगट न वाकवता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत, म्हणजे शोरूममधल्यापेक्षा बराच खाली.

हँडगार्ड दोन जातीचे. नुसतं प्लास्टिकचं, एका टोकाला धरलेलं, ते वारा आणि फांद्या अडवतं, लिव्हर वाचवत नाही. आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असून दोन्ही टोकांना धरलेलं हवं. बसवताना चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. टोकाचा माउंट अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला चिकटतो आणि मूठ अडकते. मध्ये १-२ मिलीमीटर फट ठेवा, मूठ पूर्ण पिळून सोडा, ती आपोआप ठक्कन परत आली पाहिजे. हँडल डावीकडं आणि उजवीकडं पूर्ण वळवून हेच पुन्हा करा आणि ब्रेकची नळी, क्लच केबल कुठं दाबली जात नाही ना ते बघा. ही तपासणी न करता गेटबाहेर जायचं नाही.

रुंद क्रॅशगार्ड रस्त्यावर ठीक. ट्रेलवर तो दगडात अडकतो, पाय त्याच्या आणि जमिनीच्या मधे दाबतो, आणि झटका ज्या बोल्टवर घेतो तो इंजिनचा माउंट असेल तर तिथले आटे जातात. इंजिनला लगटून बसणारा घ्या. इंजिनखाली लागणारी बॅश प्लेट ४ मिलीमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पुरते. ती चेसीला धरलेली असावी, ऑइल ड्रेनला भोक असावं, आणि आत साठलेला चिखल पाण्याच्या फवाऱ्यानं निघण्याइतकी जागा असावी. नाहीतर काळी माती आत भाजून वीट होते.

टायर आणि हवा

गाडीवरचा सगळ्यात जास्त फरक टायर करतो, आणि टायरमध्ये सगळ्यात जास्त फरक हवा. तीच फुकट असल्यामुळं कुणी मनावर घेत नाही. एकट्यानं चालवताना, ट्यूब टायरला, सह्याद्रीच्या धारदार काळ्या दगडावर पुढं १८ आणि मागं २० पीएसआय ही सुरुवात. वजन ८५ किलोच्या वर असेल तर दोन्हीत २ वाढवा. कोकणातल्या लाल चिखलात आणखी खाली जावंसं वाटतं, पण १५ च्या खाली रिमलॉकशिवाय (टायरला रिमवर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पशिवाय) जाऊ नका. टायर रिमवर फिरतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल्व मुळापासून फाडतो. हे वेळीच दिसावं म्हणून वॉल्वचा नट रिमला घट्ट करू नका, उलट वर नेऊन टोपणापाशी ठेवा. वॉल्व तिरका झालेला दिसला की ट्यूब सरकली. थांबा, हवा सोडा, टायर फिरवून सरळ करा.

हवा जास्त कमी असण्याचा दुसरा तोटा म्हणजे दगडावर आदळताच ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशा जोडचिरा दिसल्या तर दोष काट्याचा नाही, हवेचा. मोजायला स्वतःचा गेज ठेवा, पेट्रोलपंपावरच्या गेजवर २ पीएसआयचा विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नसते. डांबरावर परत येताच हवा भरा. १८ वर हायवेला टायर तापतो आणि वळणावर गाडी डुलते.

गाठीचे टायर घेताना ठरवा की खरंच किती डांबर आहे. पूर्ण गाठीचा टायर पावसाळी ताम्हिणीत ब्रेक मारल्यावर लांब घसरतो आणि मागचा भराभर झिजतो. निम्मं-निम्मं असेल तर मागं मध्यम गाठी, पुढं मोठ्या गाठी ही जोडी जमते, कारण घसरलेलं मागचं चाक सावरता येतं, पुढचं नाही. काळ्या मातीत गाठींचा फायदा पहिल्या पन्नास मीटरपुरता. मग टायर गुळगुळीत गोळा होतो आणि चाक मडगार्डखाली अडकतं, तिथं कुठलंच सामान कामाचं नाही, वाट बदला. आणि कासच्या किंवा कुठल्याही सड्यावर (कातळाच्या पठारावर) चाक घालू नका. पावसाळ्यात तिथली झाडं बोटभर मातीत उगवतात, एक चाकोरी वर्षानुवर्षं दिसत राहते.

पंक्चर घरी एकदा काढून बघितल्याशिवाय टायर लिव्हर बाळगण्यात अर्थ नाही. मागचं चाक काढा, वॉल्वचा काटा काढून हवा पूर्ण सोडा. टायरची कडा रिमवरून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचं साइडस्टँड त्या कडेवर ठेवून गाडी तिकडं झुकवा. मग खरी गोम: ज्या बाजूला लिव्हर लावताय त्याच्या समोरची कडा गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा. ती वर असेल तर बैलाचा जोर लावूनही टायर येणार नाही. लिव्हर ५-६ सेंटीमीटरच्या अंतरानं, छोटे घास घेत. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नाही. सोलापूर-नगर पट्ट्यात बाभळीचा काटा रबरात मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते. टोक सापडलं की पकडीनं बाहेर ओढा. पॅचला सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबा, ओलं असताना लावलेला पॅच टिकत नाही. परत बसवताना ट्यूबमध्ये फुंकर एवढी हवा भरा म्हणजे ती चिमटणार नाही, वॉल्वच्या समोरून सुरुवात करून वॉल्वपाशी संपवा, आणि शेवटी वॉल्व एकदा आत ढकलून बघा.

सुटी ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची २१ इंची. ती अडीअडचणीला मागच्या १८ इंची चाकात घडी पडून का होईना बसते आणि घरी पोचवते. उलटं होत नाही.

बरोबर काय न्यायचं

बाजारातला १०८ तुकड्यांचा टूलबॉक्स नको. गाडीभोवती एकदा फिरा आणि कुठला नट कुठल्या मापाचा ते लिहून काढा. साधारण ८, १०, १२, १४, १७ चे पान्हे, ४-५-६ च्या अ‍ॅलन की आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मापाचे पान्हे एवढ्यात काम भागतं. त्यात क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, तुमच्या चेनच्या मापाची जोडकडी, झिपटाय, पंपाभोवती गुंडाळलेली डक्ट टेप, एम६ आणि एम८ चे चार-चार बोल्ट. सुटी क्लच केबल पिशवीत नेऊ नका. जुन्या केबलच्या बाजूनं आत्ताच ओढून झिपटायनं बांधा, टोकांना टेप लावा. तुटली की फक्त टोकं बदलायची.

एम-सील विसरू नका. दगडानं इंजिनचं कव्हर तडकलं तर गाडी भोकाची बाजू वर करून टेकवा, पेट्रोल लावलेल्या फडक्यानं तेल पूर्ण पुसा, पॉलिश पेपरनं घासा, दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि बसवा. तासभर तरी हात लावायचा नाही. तेलकट जागेवर लावलेलं सुटणारच. गटात एकाकडं १ लिटर इंजिन ऑइल असू द्या.

गाडी ओढून न्यायला ५ मीटरचा पट्टा पुरतो. पुढच्या गाडीच्या फूटपेगला बांधा, मागच्यानं मात्र बांधायचं नाही: पेगला एक वेढा घेऊन टोक बुटाखाली दाबायचं. तोल गेला की पाय उचलला, सुटला.

जे घ्यायची घाई नको

सस्पेन्शन बदलण्याआधी आहे ते लावून बघा. मागचं चाक उचलून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा, मग पूर्ण सामानासह बसून कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. फरक सस्पेन्शनच्या प्रवासाच्या, म्हणजे ते जास्तीत जास्त जितकं दबतं त्याच्या, साधारण ३० टक्के हवा. साध्या एक्सपल्सच्या मागच्या १७० मिलीमीटर प्रवासाला सुमारे ५०. जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) आवळा. ब्रेक मारला की पुढून खाली दबते, मागं आपटते अशा तक्रारींतल्या बऱ्याच इथंच मिटतात.

पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १३ दात्यांऐवजी १२ केला तर चढावर क्लच कमी जळतो, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे ८ टक्के जास्त फिरतं. हायवे जास्त असेल तर टाळा. आवाजाचा सायलेन्सर कुठल्याच वाटेवर काही देत नाही. बुजलेली म्हैस आणि पुढच्या वेळी वाट अडवणारं गाव देतो.

सेकंडहँड घ्यायला हरकत नसलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. बूट घेताना पेग टेकतो तिथला तळवा आणि बकलांचे सुटे भाग मिळतात का ते बघा, गार्डचं प्लास्टिक उन्हात धरून केसासारख्या भेगा शोधा. हँडगार्ड वाकलेला असला तरी चालतो, पट्टी सरळ करता येते. हेल्मेट मात्र कितीही स्वस्त असलं तरी जुनं घेऊ नका, आतला थर्माकोल एकदा दबला की बाहेरून कळत नाही.